कडक मॅगझिन

सहावी गोळी काही केल्या आत जाईना. धैर्यशीलदादांचा अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता. बरोबर आलेले चार पाठीराखे पंख्याकडं, कॅलेंडरकडं, भिंतीवरच्या पालीकडं बघत होते. दादांच्या अंगठ्याकडं तेवढं कुणी बघत नव्हतं.

“बाई, ही मॅगझिन खराब निघाली,” दादा म्हणाले.

“खराब नाही, नवी आहे,” मी म्हटलं. “नवी स्प्रिंग कडकच असते.”

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरला माळीवाड्याच्या वेशीजवळ आमचं बंदुकांचं दुकान होतं, कडूसकर आर्म्स. नवरा गेला आणि दुकानाचं लायसन्स माझ्या नावावर झालं. बंदुका विकणारी बाई कशी असते ते बघायला सुरुवातीला लोक यायचे. मग त्यांना माझ्या जिभेची सवय झाली. आडनाव शोभतं, असं माघारी म्हणायचे. म्हणेनात का.

धैर्यशील काळोखे त्या वेळी छत्तीस-सदतीस वर्षांचे असतील. वडिलांची जमीन, वडिलांचा पेट्रोल पंप, वडिलांचीच ओळखपाळख. स्वतःचं म्हणावं असं एक पोट तेवढं होतं. निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून आधी पांढरे कपडे झाले, मग गाडी झाली, आता पिस्तूल. लायसन्सच्या अर्जात ‘जिवाला धोका’ असं लिहिलं होतं. या माणसाच्या जिवाशी कुणाला काय करायचं असेल, हे मला तेव्हाही सुचलं नाही.

बत्तीस बोअरचं पिस्तूल, दोन मॅगझिन, एकेकीत आठ गोळ्या. दुकानात भरून बघायला आम्ही खऱ्या गोळ्या देत नसू. आमचे कारागीर लतीफभाई यांनी त्यासाठी पितळेच्या नकली गोळ्या बनवून ठेवल्या होत्या. त्या नकली गोळ्यांनीच दादांना घाम फोडला होता.

“असं करा,” मी सांगितलं. “जमतील तेवढ्या गोळ्या भरा आणि मॅगझिन चार दिवस तशीच राहू द्या. मग रिकामी करा, परत भरा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा भरायची, काढायची. स्प्रिंग बसत जाते आणि अंगठाही तयार होतो. महिनाभरात आठवी गोळी सहज जाईल.”

“महिना?” दादा म्हणाले. “लतीफभाई, स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाका ना.”

लतीफभाईंनी चष्म्यावरून बघितलं. “वेढे कापले की मऊ होते, दादा. पण ऐन वेळेला गोळी वर चढत नाही. अडकते.”

“ऐन वेळ येतीय कुणाला?” दादा हसले, म्हणून चौघेही हसले. निदान एवढं एक वाक्य तरी माणूस खरं बोलला, असं मी मनात म्हटलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती. डोक्यावरून पदर, गळ्यात ठसठशीत दागिने, आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही. मला तिचा रागच आला होता. असल्या नवऱ्यामागं मुकाट फिरणाऱ्या बायका बघितल्या की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

“बघू,” ती म्हणाली.

तिनं दादांच्या हातातून मॅगझिन घेतली. सहावी गोळी आत. सातवी आत. आठवीला तिनं अंगठा जरासा वळवला आणि तीही आत बसवली. शेंगा सोलाव्यात इतक्या सहज. मग मॅगझिन काचेवर ठेवून पदराला हात पुसले.

“माहेरी म्हशींच्या धारा काढायचे,” ती कुणाकडंही न बघता म्हणाली.

मी हसले. माझं हसणं बारीक नाही. समोरचा रसवालासुद्धा वळून बघायचा. मी हसले म्हटल्यावर त्या चौघांनाही आवरेना. दादा सगळ्यांत शेवटी हसले.

“बघितलं का आमच्या हिचा अंगठा!” त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. “आता काळजीच मिटली. ही भरणार, आम्ही उडवणार.”

पिस्तूल पेटीत गेलं, पेटी गाडीत गेली. त्या दिवशी चहा पिता पिता मी लतीफभाईंना दादांच्या अंगठ्याची नक्कल करून दाखवली. ते हसले नाहीत. “भाभी, गिऱ्हाइकाला हसू नये,” एवढंच म्हणाले.

बारा दिवसांनी ती एकटी आली. दुपारची वेळ होती, लतीफभाई नमाजाला गेले होते. हातात भाजीची पिशवी. तिनं मेथीची जुडी काढून काचेवर ठेवली आणि तिच्याखालून दोन्ही मॅगझिन काढल्या.

“अहो, लायसन्स त्यांच्या नावावर आणि या घेऊन तुम्ही फिरता?” मी ओरडले. “कुणी बघितलं असतं म्हणजे?”

“मेथीखाली कोण बघतंय,” ती म्हणाली.

तेव्हा माझं तिच्या हातांकडं लक्ष गेलं. दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधल्या होत्या आणि चिंध्यांतून हळद बाहेर आली होती.

“हे काय झालं?”

“भरते ना रोज. संध्याकाळी मित्र येतात, तेव्हा मला बाहेर बोलावतात. भर म्हणतात. भरली की काढ म्हणतात. परत भर. शंभर वेळा. मित्र मोजतात.” ती शांतपणे सांगत होती. “तुम्हीच सांगितलं होतं ना, भरायची, काढायची म्हणून.”

“मी त्यांना सांगितलं होतं!”

“हो. पण ते म्हणाले, बाईंना तुझा अंगठा आवडलाय.”

मग तोंडात आलं ते बोलले, त्या माणसाला चार शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या, पाव्हण्यानं वाढलेलं निमूट खावं तशा.

“स्प्रिंग मऊ करून देते,” मी म्हटलं. “लतीफभाई नाही म्हणतील, पण मी करून घेते. तुमचे हात तरी वाचतील.”

“नको,” ती म्हणाली. “मऊ नको. आणखी कडक होतील का?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कडक?”

“त्यांना तीनच्या वर भरता येऊ नयेत. आणि मलाही.”

आता मात्र मला तिची कीव आली. बिचारीला वाटतंय, भरता आलं नाही की पिस्तूल निकामी होतं. “हे बघा,” मी लहान पोराला समजवावं तसं म्हटलं, “मॅगझिन कितीही कडक केली तरी पहिली गोळी भरायला जोर लागत नाही. आणि माणूस मरायला एक गोळी पुरते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “गेल्या रविवारी एकच भरली होती.”

रस्त्यावरून हातगाडी गेली. गाडी पुढं जाईपर्यंत ती थांबली.

“स्वयंपाकघरात आले. मी भाकरी करत होते. माझ्यासमोर भरली, खरी गोळी. म्हणाले, ही मला भरता येते बघ. आता हस. इथं लावलं होतं.” तिनं चिंधी बांधलेला अंगठा कानामागं नेला. “भाकरी करपली. मग म्हणाले, भाकरी करपली, दुसरी टाक. आणि गेले.”

“पण तुम्ही कुठं हसला होतात त्या दिवशी?”

“मी नव्हते हसले, बाई. तुम्ही हसलात. पण घरी मीच होते.”

पन्नास वर्षांच्या आयुष्यात मला कुणी इतक्या हळू आवाजात थोबाडीत मारली नव्हती. मी खुर्चीवर बसले. पोलिसांत चला, आत्ता चला, मी येते, असं काहीतरी म्हणाले.

“जाणार आहे,” ती म्हणाली. “जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्जही करणार आहे. पाथर्डीला माझा भाऊ आहे, त्याच्याकडं राहून करणार. पण पिस्तूल घरात असताना मी निघाले तर ते पिस्तूल घेऊन पाथर्डीला येतील. पिस्तूल तुमच्या दुकानात असलं तर नुसत्या शिव्या येतील.”

“दुकानात ते कसं ठेवतील?”

“लाज वाटली की ठेवतील. परवा त्यांचा वाढदिवस आहे. मंडपात दोनशे माणसं येणार. त्यांच्यापुढं मी भरून दाखवायची, असं ठरलंय. मला भरता आली नाही की लोक म्हणणार, दादा, तुम्ही दाखवा. मग त्यांनाही येणार नाही.” तिनं मेथी पिशवीत घातली. “त्यांना मार खाल्लेला चालतो, बाई. लोकांत पडलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुमच्याकडं येतील.”

मुकाट बसणारी बाई! बारा दिवसांपूर्वी मी जिला मुकी ठरवून मोकळी झाले होते, तिनं नवऱ्याचं कुलूप, किल्ली, सगळं आतून बघून ठेवलं होतं. मी तिचं नाव विचारलं. शैला, म्हणाली.

लतीफभाई परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. “भाभी, चाळीस वर्षं लोकांच्या अंगठ्यासाठी स्प्रिंगा मऊ करायला नाही म्हणत आलो. कडक करून मागणारी ही पहिलीच.” मग ते तारांचा डबा घेऊन बसले. जाड तारेच्या दोन स्प्रिंगा वळल्या आणि मॅगझिनमध्ये घातल्या. मी स्वतः भरून बघितलं. तीन गेल्या. चौथीला माझा अंगठा बोंबलला. शैलानं दोन्ही मॅगझिन परत मेथीखाली घालून नेल्या.

“आपलं लायसन्स जाईल यात,” लतीफभाई म्हणाले.

“जाऊ द्या,” मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा तसं काही जाईल असं वाटत नव्हतं.

शैलानं सांगितलं होतं तसंच झालं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार उघडतीय तोवर दादांची गाडी दारात. मंडपात काय झालं ते मला आधीच रसवाल्यानं सांगितलं होतं. शैलाला तीन भरता आल्या. मग लोकांनी दादांना आग्रह केला. दादांनाही तीनच. कुणीतरी मागून ओरडलं, “दादा, उरलेल्या पाच पुढच्या वाढदिवसाला!”

“हा काय माल विकता तुम्ही?” दादांनी पेटी काचेवर आपटली. “दिवसेंदिवस कडक होत चाललीय!”

“एखादी मॅगझिन हट्टी निघते,” मी गंभीर तोंडानं म्हटलं. “थंडीचे दिवस आहेत, आणखी आखडते. ठेवून जा पंधरा दिवस. लतीफभाई रोज भरतील, काढतील.”

“नुसत्या मॅगझिन ठेवतो.”

“पिस्तुलासकट लागतं, दादा. आत बसवून बघावं लागतं.” हे खरं होतं, त्यामुळं म्हणायला सोपं गेलं. “आणि परत नेताना आठही गोळ्या तुम्ही स्वतः भरून दाखवायच्या. आमच्या दुकानाची पद्धत आहे. उद्या म्हणाल, बाईनं नीट करून दिलं नाही.”

असली पद्धत आमच्या दुकानात कधीच नव्हती. पण चौघं पाठीराखे उभे होते. त्यांच्यासमोर दादा काय म्हणणार?

“भरतो की! त्यात काय,” ते म्हणाले, आणि दुरुस्तीसाठी जमा केल्याच्या पावतीवर त्यांनी सही ठोकली. सही मात्र झोकदार होती.

त्यानंतर दादा दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा आले तेव्हा अंगठ्याला पट्टी होती. नखुरडं झालंय म्हणाले, मी विचारलं नसताना. दुसऱ्यांदा चौथी गोळी अर्धी आत गेली आणि सुटून बाहेर उडाली, ती एका पाठीराख्याच्या कपाळाला लागली. नकली होती म्हणून बरं. दादा म्हणाले, आज उपास आहे, ताकद नाही. कसला उपास, विचारायला हवं होतं. पण मी नुसतं “बरं” म्हटलं. असल्या माणसाला हाणायला मोठं काही लागत नाही, “बरं” पुरतं.

तोवर शैला पाथर्डीला भावाकडं वास्तुशांतीला म्हणून गेली होती आणि परत आली नव्हती. तिचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पोचला होता, हे मला तिच्या भावाच्या फोनवरून कळलं.

दादा तिसऱ्यांदा आले ते एकटे.

ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. इतके दिवस मी त्यांच्या लाजेवर खेळत होते, आणि लाज वाटायला चार माणसं लागतात. त्या दिवशी बरोबर कुणी नव्हतं. गाडी स्वतः चालवत आले होते. दाढी वाढलेली, पांढऱ्या शर्टाला चहाचा डाग. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं.

“पिस्तूल द्या.”

“मॅगझिन अजून—”

“मॅगझिन गेली खड्ड्यात. आहे तसं द्या. मला आज पाथर्डीला जायचंय.”

लतीफभाईंच्या हातातली कानस थांबली.

“दादा, आठ गोळ्या भरून—”

“आठ नकोत मला,” ते हळू म्हणाले. “एक पुरे.”

माणूस होता तोच. तोच अंगठा, तेच पोट. पण मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. पिस्तूल त्याचं होतं, लायसन्स त्याचं होतं, पावती त्याच्या हातात होती. मी नाही म्हणायचं कशाच्या जोरावर? मी किल्ल्या घेतल्या, तिजोरी उघडली, पेटी काढली. काचेवर ठेवण्याऐवजी ती छातीशी धरली, त्याच्या बाजूनं पुढं गेले, दार ढकललं आणि पायरीवर उभी राहून ओरडले:

“या हो या! धैर्यशीलदादा आठच्या आठ गोळ्या भरून दाखवतायत!”

रसवाला चरक सोडून आला. सायकलवाला हात पुसत आला. बांगड्यांच्या दुकानातल्या तीन बायका चुडे हातात घेऊनच आल्या. वाढदिवसाच्या मंडपातली गोष्ट सगळ्या माळीवाड्यात झाली होती; लोकांना बोलवायला दवंडी लागली नाही. दोन मिनिटांत दुकानाच्या दारात चाळीसएक माणसं गोळा झाली. मागचे टाचा उंचावत होते.

दादा आत उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत सरळ सरळ खून होता. मग त्यांनी गर्दीकडं बघितलं, आणि तो चेहरा माझ्यासमोर बदलला. पोट आत गेलं. हात केसांवरून फिरला.

“आणा,” ते म्हणाले.

मी मॅगझिन दिली, नकली गोळ्या दिल्या. पिस्तुलाची पेटी लतीफभाईंच्या हातात गेली आणि ते तिच्यासकट मागच्या खोलीत गेले. तिकडं दादांचं लक्षच नव्हतं. एक. दोन. तीन. गर्दी मोजू लागली. चौथीला त्यांनी मॅगझिन पोटाशी धरली, दोन्ही अंगठे लावले, ओठ चावला. “चार!” गर्दी ओरडली. पाचवीला अंगठा सटकला आणि मॅगझिनच्या तोंडाची पत्र्याची कड नखाखाली घुसली. रक्त आलं.

“दादा, वहिनींना बोलवा,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळा रस्ता हसला. दादांनी मॅगझिन भिंतीवर फेकली आणि गर्दीतून वाट काढत गाडीकडं गेले. पिस्तूल न घेताच. गाडी पाथर्डीच्या रस्त्याला नाही, घराकडं वळली. मी वेशीपर्यंत जाऊन बघून आले. दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्र आलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत हे हत्यार दुकानातून हलवू नये.

चौकशी फाल्गुनात लागली. मोठ्या टेबलामागं साहेब, बाजूला टंकलेखनाला बसलेला कारकून, एका बाकावर दादा आणि त्यांचे वकील, दुसऱ्यावर शैला आणि तिचा भाऊ. हत्यार माझ्याकडं जमा होतं म्हणून मलाही बोलावलं होतं. लतीफभाई बाहेर व्हरांड्यात बसले होते.

वकील हुशार होते. “साहेब,” ते म्हणाले, “या बाईंचं म्हणणं, माझ्या अशिलांनी पिस्तूल भरून कानाला लावलं. आता अख्ख्या माळीवाड्यानं बघितलंय की माझ्या अशिलांना मॅगझिन भरता येत नाही. वाढदिवसाला दोनशे लोकांनी बघितलंय. ज्याला भरताच येत नाही, तो भरलेलं पिस्तूल रोखणार कसं?”

दादांनी मान खाली घातली होती. वकिलांनी बजावलेलं दिसत होतं की एवढं ऐकून घ्यायचं, गप्प बसायचं, लायसन्स वाचतं.

“एकच भरली होती,” शैला म्हणाली.

“बघितलं कुणी?” वकिलांनी विचारलं.

कुणी बघितलं नव्हतं. करपलेली भाकरी काही साक्ष देत नसते. साहेब माझ्याकडं वळले.

“कडूसकर बाई, या मॅगझिन कारखान्यातून आल्या तशाच आहेत का?”

हो म्हटलं असतं तर कुणी उघडून बघणार नव्हतं. पण हो म्हटलं की वकिलांचं म्हणणं पक्कं होत होतं: नव्या मॅगझिन, आणि माणसाला पहिल्यापासून येतच नाही. आणि नाही म्हटलं की दुकान जात होतं. मला शैलाकडं बघायचा धीर झाला नाही.

“नाही,” मी म्हटलं. “मी स्प्रिंगा बदलल्या. जाड घातल्या. यांना भरता येऊ नये म्हणून. लतीफभाईंनी माझ्या सांगण्यावरून केलं, त्यांचा दोष नाही.”

कारकुनाचं टंकलेखन थांबलं. वकिलांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आता या बाईला सोलायचं, असा विचार त्यांच्या मनात आलेला मला स्पष्ट दिसला. आपणच सगळं घालवलं, असं मला वाटलं.

आणि दादा उभे राहिले.

“बघा!” ते ओरडले. मान वर, छाती पुढं, डोळ्यांत पाणी आलेलं. “ऐकलंत साहेब? स्प्रिंग बदलली होती! मी म्हणतच होतो! अहो, दोनशे लोक हसले मला. माळीवाडा हसला. मला भरता येत नाही म्हणे! भरता येतं मला. मी भरली होती ना, घरी, हिच्यासमोर भरली होती!”

वकिलांनी त्यांचा शर्ट खाली ओढला. दादांनी हात झटकला.

“विचारा हिला! भरली होती की नाही गं मी?”

“भरली होती,” शैला म्हणाली.

“हां!” दादांनी विजयानं सगळ्यांकडं बघितलं. पंखा फिरत होता. दादांचा चेहरा हळूहळू उतरायला लागला, पण कशामुळं ते त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं.

“कधी?” साहेबांनी विचारलं.

वकिलांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

“लिहा,” साहेब कारकुनाला म्हणाले.

लायसन्स रद्द झालं. शैलाची फौजदारी तक्रार त्यानंतर चार वर्षं चालली आणि तिचा निकाल अर्धाच तिच्या बाजूनं लागला. दादा पुढच्या वेळेला निवडून आले. लोकांना त्यांचा अंगठा आठवत होता, म्हणूनच मतं दिली असतील, कुणी सांगावं. मला नोटीस आली आणि दुकान सहा महिने बंद राहिलं. त्या काळात लतीफभाई घरोघरी जाऊन शिवणयंत्रं दुरुस्त करत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

चौकशीच्या दिवशी बाहेर आल्यावर मी शैलाला म्हटलं, “चल, घरी चल, जेवून जा.” ती नको म्हणाली. बस साडेबाराची होती. तिचा भाऊ तिकिटाच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही दोघी स्टँडवरच्या कठड्यावर बसलो. मला तिची माफी मागायची होती. व्हरांड्यातून स्टँडपर्यंत शब्द जुळवत आले होते.

“शैला, त्या दिवशी मी—”

“बाई,” ती म्हणाली, “उसाचा रस घ्यायचा का? सकाळपासून घसा कोरडा पडलाय.”

आम्ही रस घेतला. ती दोन ग्लास प्याली, दुसरा जरा सावकाश. मग बस लागली आणि ती गेली.